हॉब तापतो म्हणजे नक्की काय तापतं?

घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत नव्याने येणाऱ्यांकडून एकच प्रश्न वारंवार येतो: सिरॅमिक हॉब, म्हणजे काचेच्या पृष्ठभागाखाली कॉइल असलेली विजेची शेगडी, 'जास्त तापतो' अशी तक्रार आली की सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर आहे, स्क्रूड्रायव्हर पिशवीतच राहू द्या आणि आधी विचारा. काय तापतं? किती वेळाने? त्या वेळी घरात आणखी काय चालू असतं?

यातला तिसरा प्रश्न मी सुरुवातीच्या काळात विचारत नव्हतो. एका घरी टच पॅनलचा हॉब वीस-पंचवीस मिनिटं नीट चालायचा, मग एरर दाखवून सगळे झोन, म्हणजे भांडी ठेवायच्या तापणाऱ्या जागा, बंद. गार झाला की पुन्हा सुरळीत. एरर जास्त तापमानाची होती, म्हणून मी कंट्रोल बोर्ड बदलला. तीन आठवड्यांनी तीच तक्रार परत आली. या वेळी तिथेच बसून राहिलो, तेव्हा लक्षात आलं की खालचा ओव्हन चालू असला तरच हे होतं. ओव्हनचा कूलिंग फॅन जाम झाला होता. जी गरम हवा त्याने पुढून बाहेर फेकायची, ती हॉबच्या तळाशी साचत होती. बोर्डावरचा सेन्सर त्याचं काम चोख करत होता. फॅन बदलला, काढलेला जुना बोर्ड परत बसवला, तो व्यवस्थित चालला. नव्या बोर्डाचे पैसे मी परत केले.

तेव्हापासून मी आधी हॉबच्या खाली बघतो. ड्रॉवर काठोकाठ भरलाय का, मधली फळी आहे का, मॅन्युअलमध्ये सांगितलेली हवेची फट सोडली आहे का. इंडक्शन हॉब असेल तर त्याचा स्वतःचा पंखा आणि जाळीही बघावी लागते. ड्रॉवरमधला कागद नाहीतर फडकं तिथे ओढलं जातं.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे 'कॉइल सारखी लाल होते आणि विझते.' यात बहुतेक वेळा बिघाड नसतो. कॉइलवरून आडवी गेलेली बारीक नळी दिसते, तो लिमिटर. काच साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊ नये म्हणून तो वीज तोडतो आणि काच थोडी उतरली की पुन्हा जोडतो. बऱ्याच लिमिटरमध्ये दुसरा संपर्कही असतो. काच गरम असल्याचा दिवा त्यावर चालतो. भांड्याचा तळ वाकलेला असला किंवा भांडं झोनपेक्षा लहान असलं, तर उष्णता वर जायला वाट मिळत नाही आणि लिमिटर वारंवार तोडतो. सपाट तळाचं, झोनच्या मापाचं भांडं पाण्यानं भरून ठेवा आणि फरक बघा. कॉइल विझू नये म्हणून लिमिटरला वगळून वायर थेट जोडून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही, कोणाच्याही आग्रहावरून करू नका. काच आणि तिच्याखालची वायरिंग वाचवणारा तो एकमेव भाग आहे.

खरा बिघाड याच्या उलट असतो: कॉइल विझतच नाही. नॉबचा हॉब असेल तर १ वर ठेवा. थोडा वेळ लाल आणि मग बराच वेळ बंद, असं दिसायला हवं. तसं न होता सतत लालच राहिली, तर एनर्जी रेग्युलेटरचे, म्हणजे नॉबमागच्या कॉइल चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, संपर्क चिकटले आहेत. टच मॉडेलमध्ये झोन बंद करूनही तापत राहिला तर रिलेवर, म्हणजे झोनची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या बोर्डावरच्या स्विचवर, संशय घ्या आणि दुरुस्ती होईपर्यंत मेन स्विच बंद ठेवायला सांगा.

रोध मोजायला मल्टिमीटर लावायच्या आधी मेन बंद करा आणि टर्मिनलवर वीज नाही याची खात्री करा, दर वेळी. २३० व्होल्टच्या १८०० वॅट कॉइलचा रोध सुमारे २९ ओहम, १२०० वॅटचा सुमारे ४४. लिमिटरचा मुख्य संपर्क गार असताना जोडलेला असतो, म्हणजे शून्याच्या जवळ.

जळका वास किंवा काळवंडलेली वायर दिसली तर टर्मिनल ब्लॉककडे, म्हणजे मेन वायर हॉबला स्क्रूने जोडतात तिथे, जा. ७ किलोवॅटचा हॉब पूर्ण जोरात चालला तर ३० अँपिअर ओढतो. तिथे एक ढिला स्क्रू ब्लॉक वितळवायला पुरे आहे. करपलेला लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) नुसता आवळून भागत नाही. वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा आणि नवा लग, नवा ब्लॉक घाला. काचेला तडा असेल तर पुढचं काहीच तपासू नका, आधी हॉब बंद करा.

काम झाल्यावर पाच मिनिटांत निघू नका. सगळे झोन आणि ओव्हन एकत्र चालू करून चाळीसेक मिनिटं थांबा, तेही ड्रॉवरमध्ये घरच्यांचं सामान परत भरून आणि तो बंद करून.