यादी उडाली? आधी नेट बंद करा, मग शोधा

पऱ्हाटीच्या फवारणीची पाळी आज कोणाच्या वावरात आहे, कामगंध सापळ्यातली लूर कधी बदलायची, कोणत्या बाईची निंदणाची मजुरी राहिली, बैठकीत ठरलेलं काम कोणाकडे गेलं, हे सगळं आता बऱ्याच शेतकरी गटांत आणि बचत गटांत मोबाईलवरच्या यादीत असतं. कुठे गूगल टास्क्स, कुठे ट्रेलो, कुठे टुडूइस्ट, तर बहुतेक ठिकाणी साधं गूगल शीट. सकाळी ॲप उघडावं आणि यादी कोरी दिसावी, की हात आपोआप तीन गोष्टींकडे जातात: ॲप काढून परत टाकणं, लॉगआउट करून परत येणं, सेटिंगमध्ये जाऊन ‘क्लिअर डेटा’ दाबणं. यातली एकही करू नका. मूळ बिघाडात जे वाचलेलं असतं, ते बरेचदा या उपायांत जातं.

पहिलं काम एकच. हातातला फोन विमान मोडवर टाका आणि यादी ज्यांच्या ज्यांच्या फोनवर आहे त्यांनाही तेच सांगा.

कारण असं की सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका फोनवर काम लिहिलं की ते सगळीकडे दिसतं, तसंच एका फोनवर पुसलं की ते पुसणंही सगळीकडे पोचतं. मात्र ते पोचायला नेट लागतं, आणि आपल्याकडे रेंज नसते हीच इथे कामाला येते. नाल्यापलीकडच्या वावरात रात्री जागलीला गेलेल्या सदस्याच्या फोनमध्ये कालची यादी अजून जशीच्या तशी असते. तो सकाळी गावाच्या वेशीपर्यंत आला, फोनला दोन दांड्या रेंज मिळाली आणि ॲप उघडलं, की काही सेकंदांत त्याचीही यादी कोरी होते. त्याला फोन लागत नाही म्हणून वैतागू नका, तीच जमेची बाजू आहे. गाडीवर माणूस पाठवा.

तो फोन हाती आल्यावर:

१. रेंज नसली तरी आधी विमान मोड लावा. वायफाय वेगळं चालू राहिलेलं असू शकतं, तेही बंद करा.
२. आता ॲप उघडा. प्रत्येक यादी खाली सरकवत स्क्रीनशॉट घ्या. दोन स्क्रीनशॉटमध्ये एक-दोन ओळी सामाईक ठेवा, म्हणजे मधलं काम निसटणार नाही.
३. ज्या कामात टीप, तारीख किंवा उपकामं आहेत ते उघडून त्याचा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. यादीत फक्त नाव दिसतं, आत लिहिलेलं दिसत नाही.
४. ॲप बंद करा आणि फोन विमान मोडवरच ठेवा. स्क्रीनशॉट केबलने संगणकावर घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवायला नेट लागेल, आणि नेट लागलं की सिंक मागोमाग आलंच.

स्क्रीनशॉटवरून पुन्हा टाइप करायची गरज नाही. गूगल लेन्स चित्रातला मराठी मजकूर उचलतं. चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून ‘गूगल डॉक्सने उघडा’ केलं तरी मजकूर निघतो. आकडे मात्र डोळ्यांनी तपासा. १ आणि ९ यांत गल्लत होऊ शकते, आणि मजुरीच्या रकमेत ती महागात पडते.

संगणकावर यादीचं पान आधीपासून उघडं असेल तर तेही असंच सोनं आहे. एफ-५ दाबू नका, पान रिफ्रेश करू नका. हॉटस्पॉट बंद करा, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवा.

आता थोडं थांबून बघा, यादी खरंच गेली आहे की फक्त दिसत नाही. एका फोनमध्ये दोन जीमेल खाती असणं ही नेहमीची गोष्ट आहे, एक घरचं आणि एक गटाचं. ॲपच्या वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबा आणि कोणतं खातं चालू आहे ते वाचा. नवीन फोन घेतला, दुकानदाराने ‘सेट करून दिला’ आणि त्यात भलतंच खातं बसलं, तर यादी कोरीच दिसणार. यादी जुन्या खात्यात सुखरूप असते. त्या खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर खातं परत मिळवायचा प्रयत्न नेहमीच्या फोनवरून आणि नेहमीच्या जागेवरून करा. ओळखीचं उपकरण आणि ओळखीचं ठिकाण याला गूगल महत्त्व देतं. खात्याला जोडलेलं सिम रिचार्जअभावी बंद पडलं असेल तर ओटीपी येणार नाही, म्हणून आधी सिमचं बघा.

दुसरी शक्यता, कामावर ‘झालं’ म्हणून टिक लागली. फोन खिशात उघडा राहिला किंवा पोराच्या हाती गेला, की दहा कामांवर टिक लागते. गूगल टास्क्समध्ये यादीच्या तळाशी ‘कम्प्लीटेड’ हा भाग असतो. तो उघडून टिक काढली की काम वर येतं. टुडूइस्टमध्येही झालेली कामं दाखवायचा पर्याय प्रकल्प उघडल्यावर मिळतो.

तिसरी शक्यता गूगल शीटमध्ये फार भेटते: फिल्टर. डावीकडचे ओळींचे नंबर वाचा. १४ नंतर एकदम ३१ आला तर मधल्या ओळी लपल्या आहेत, गेलेल्या नाहीत. मथळ्यावर फनेलचं चिन्ह दिसेल. फिल्टर काढला की सगळं परत.

खरंच पुसलं गेलं असेल तर पुढचा रस्ता ॲपप्रमाणे बदलतो.

ट्रेलोमध्ये ‘आर्काइव्ह’ आणि ‘डिलीट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आर्काइव्ह केलेलं कार्ड बोर्डच्या मेनूत ‘आर्काइव्हड आयटम्स’मध्ये राहतं, तिथून बोर्डवर परत पाठवता येतं. डिलीट केलेलं कार्ड मात्र परत येत नाही. बंद केलेला बोर्ड कायमचा पुसला नसेल तर पुन्हा उघडता येतो. मायक्रोसॉफ्ट टू डूमधलं पुसलेलं काम कुठे जातं हे सहसा कोणाला सुचत नाही: ते आउटलुकच्या मेलपेटीत जातं. त्याच खात्याने आउटलुकच्या वेबसाईटवर जा, ‘डिलीटेड आयटम्स’ उघडा, कामावर राइट क्लिक करून ‘रिस्टोअर’ करा. गूगल कीपची पुसलेली टीप ट्रॅशमध्ये ७ दिवस राहते, गूगल ड्राइव्हची फाईल ३० दिवस. शीट दुसऱ्या कोणाच्या मालकीचं असेल तर ते त्याच्या ट्रॅशमध्ये असतं, तुमच्या नव्हे. टुडूइस्टमध्ये पुसलेलं काम फक्त बॅकअपमधून येतं, आणि रोजचा आपोआप बॅकअप पैसे भरणाऱ्या खात्यालाच मिळतो. सेटिंगमधल्या ‘बॅकअप्स’मधून झिप फाईल उतरते, तिच्यात प्रत्येक प्रकल्पाची वेगळी सीएसव्ही फाईल असते, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाईल.

या सीएसव्हीत दोन खड्डे आहेत. ती एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक करून उघडली की मराठीच्या जागी टोपीवाली परदेशी अक्षरं दिसू शकतात, आणि लोक समजतात की बॅकअपच खराब आहे. बॅकअप चांगला असतो, एक्सेलला लिपी ओळखता आलेली नसते. रिकामी एक्सेल उघडा, ‘डेटा’ मेनूतून ‘टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून’ निवडा आणि फाईल ओरिजिनमध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ घ्या. दुसरा खड्डा अस्सल आपला. गट नंबर १२/३ लिहिलेला असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. ‘७/१२ काढणे’ हे वाचतं, कारण पुढे शब्द आहे. नुसतं ७/१२ असलं तर ती डिसेंबरची किंवा जुलैची तारीख होते. फाईल घेताना ‘ट्रान्सफॉर्म डेटा’त जाऊन तो रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. गूगल शीटमध्ये ‘इम्पोर्ट’ करताना मजकुराचे आकडे आणि तारखा करायच्या पर्यायावरची खूण काढा.

गूगल शीटवर थोडं जास्त बोलायला हवं, कारण गावोगावची कामं त्यावरच चालतात आणि त्यातलं नुकसान बरेचदा लक्षातच येत नाही. ओळ पुसली तर दिसते. पण कोणी फक्त नावांचाच रकाना निवडून अ ते ज्ञ लावला, तर नावं हलतात आणि शेजारची मजुरी जागेवर राहते. शीट भरलेलं दिसतं, फक्त एकीचे पैसे दुसरीच्या नावावर चढलेले असतात. हे हाताने दुरुस्त होत नाही, कारण मूळ क्रम कुठेच उरलेला नसतो. उपाय ‘व्हर्जन हिस्ट्री’. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘फाईल’, मग ‘व्हर्जन हिस्ट्री’, मग ‘सी व्हर्जन हिस्ट्री’. तुमच्याकडे शीट बदलायची परवानगी असेल तरच हे दिसतं. उजवीकडे तारखा आणि वेळा येतात, बदल कोणी केला तेही रंगात दिसतं. एकेक आवृत्ती उघडून गोंधळाच्या लगेच आधीची शोधा.

आता ‘रिस्टोअर धिस व्हर्जन’ दाबायचा मोह आवरा. ते दाबलं की गोंधळानंतर इतरांनी भरलेल्या चांगल्या नोंदीही समोरून जातात. त्याऐवजी त्या आवृत्तीच्या तीन ठिपक्यांवर दाबून ‘मेक अ कॉपी’ करा, आणि त्या प्रतीतून हव्या तेवढ्याच ओळी चालू शीटमध्ये चिकटवा. एकाच चौकटीतला आकडा कोणी बदलला एवढंच बघायचं असेल तर चौकटीवर राइट क्लिक करून ‘शो एडिट हिस्ट्री’ पुरे.

खातं न उघडता चालणारी ॲप, म्हणजे ज्यांची यादी फक्त फोनमध्येच असते, ती सगळ्यात अवघड. ‘क्लिअर डेटा’ झालं किंवा ॲप काढलं की यादी फोनमधून गेली. फोनमधून पुसलेलं परत काढून देतो म्हणणाऱ्या ॲपवर आणि दुकानांवर पैसे घालू नका. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या आणि त्यानंतरच्या फोनांत साठवण फाईलगणिक कुलूपबंद असते, आणि ॲपच्या आतल्या जागेत बाहेरच्याला जाताच येत नाही. एकच आशा उरते, गूगलचा आपोआप बॅकअप. अँड्रॉइड ६ पासून तो आहे, ॲपमागे २५ एमबीपर्यंत. पण तो घ्यायला फोन चार्जिंगला, निवांत पडलेला आणि (मोबाईल डेटावर बॅकअपची परवानगी दिलेली नसेल तर) वायफायवर हवा, आणि आधीच्या बॅकअपला २४ तास झालेले हवेत. घरात वायफाय नाही, सगळा कारभार मोबाईल डेटावर, तर हा बॅकअप महिनोन् महिने झालेलाच नसतो.

झाला असेल तर घाई करा, कारण शेवटचा एकच बॅकअप ठेवला जातो. कोऱ्या यादीसह फोन रात्री वायफायवर चार्जिंगला लावला की चांगल्या बॅकअपवर कोरा बॅकअप चढतो. म्हणून आधी सेटिंगमधल्या ‘बॅकअप’मध्ये शेवटची तारीख बघा. ती नुकसानीच्या आधीची असेल तर ॲप काढा आणि त्याच गूगल खात्याने प्ले स्टोअरवरून परत टाका. वर ‘ॲप काढू नका’ म्हटलं होतं, त्याला हा एकच अपवाद. डेटा परत येतो तो ॲप टाकताना, पहिल्यांदा उघडायच्या आधी. काही ॲपनी ही सोय बंद ठेवलेली असते, त्यांच्यापुढे इलाज नाही. जुना फोन ५७ दिवस वापरात नसला तर त्याचा बॅकअप गूगल काढून टाकतं, तेव्हा फुटलेला फोन दुरुस्तीला टाकून दिवाळीपर्यंत वाट बघू नका.

संगणकावरच्या कार्यक्रमाचं (सॉफ्टवेअरचं) वेगळं. पहिल्या पावसात वाऱ्यावादळात लाईन गेली आणि नेमकी तेव्हा फाईल लिहिली जात होती, तर ती ० केबीची किंवा अर्धवट राहते. काहीही करण्याआधी तिच्यासकट संपूर्ण फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. दुरुस्ती नेहमी प्रतीवर. फोल्डरमध्ये ‘.bak’ (बाक) शेवटाची त्याच नावाची फाईल असेल तर ती आदली आवृत्ती आहे. तिची प्रत करून शेवट बदला आणि उघडा. नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवणाऱ्या कार्यक्रमांत मुख्य फाईलशेजारी ‘-wal’ (डब्ल्यूएएल) शेवटाची फाईल दिसू शकते. तिला कचरा समजून पुसू नका: सगळ्यात ताज्या नोंदी तिच्यातच असू शकतात. दोन्ही फाईली एकत्र, एकाच फोल्डरमध्ये ठेवून कार्यक्रम उघडा, बरेचदा तो स्वतःच नोंदी जुळवून घेतो.

फाईलच पुसली गेली असेल तर त्या ड्राइव्हवर काही लिहू नका. रिकुव्हासारखा पुसलेल्या फाईली शोधणारा कार्यक्रम पेन ड्राइव्हवरून चालवा आणि सापडलेलं दुसऱ्या ड्राइव्हवर काढा. जुन्या हार्ड डिस्कवर बऱ्यापैकी आशा असते. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर पुसलेली जागा ‘ट्रिम’ ही आपोआप चालणारी सफाई लवकर रिकामी करून टाकते, तिथे फार आस लावू नका.

एवढं करूनही काही कामं सापडली नाहीत तर त्यांच्या खुणा गोळा करा: गूगल कॅलेंडरमधल्या तारखा, ॲपने मेलवर पाठवलेल्या आठवणी, गटाच्या व्हॉट्सॲपवरचे निरोप. अँड्रॉइड ११ पासून ‘नोटिफिकेशन हिस्ट्री’ आहे, गेल्या २४ तासांतल्या आठवणी त्यात दिसतात, पण ती आधीपासून चालू असावी लागते. आजच चालू करून ठेवा.

यादी पुन्हा भरून झाली की सगळ्यांचे फोन एकदम नेटवर आणू नका. आधी एक, पाच मिनिटं बघा, कामांची संख्या मोजा, मग दुसरा. जागलीवाल्याचा फोन सगळ्यात शेवटी.

पुढच्यासाठी बाजाराचा दिवस ठरवा, त्या दिवशी तालुक्याला नेट बरं मिळतं. शीट एक्सेलमध्ये उतरवा, गूगल टास्क्स ‘टेकआउट’मधून (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) काढा, ट्रेलोचा बोर्ड जेसन (JSON) या मजकुराच्या फाईलमध्ये. फाईलच्या नावात तारीख टाका आणि गटातल्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. सेटिंगमध्ये मोबाईल डेटावर बॅकअप घ्यायची परवानगी द्या आणि ‘बॅक अप नाऊ’ एकदा हाताने दाबा. उतरवलेली फाईल ज्याच्याकडे ठेवली त्याच्याच फोनवर उघडून शेवटची ओळ वाचून घ्या. ० केबीची असली तर तिथेच कळते.