विंगच्या दाराला ईएम लॉक आणि कार्ड: जोडणी, चाचणी, देखभाल

सोसायटीच्या विंगच्या दाराला कार्डने उघडणारं कुलूप बसवायचं ठरलं, की चर्चा सुरू होते ती कार्ड घ्यायचं की बोटाचा ठसा यावर. त्याआधी एक गोष्ट ठरवा: वीज गेली तर दार उघडं राहायला हवं की बंद? जिन्याने उतरून सगळ्यांनी ज्या दारातून बाहेर पडायचं, ते कुलपाची वीज तुटताच उघडलंच पाहिजे. म्हणून इथे चुंबकी कुलूप, म्हणजे ईएम लॉक घ्या. वीज मिळते तोवरच ते दार धरून ठेवतं. वीज गेल्यावरही बंद राहणारी कुलपं स्टोअररूमसाठी ठीक आहेत, तीही आतून हँडलने उघडणारीच.

एका दाराला लागणारं सामान: ६०० पौंडांचं (सुमारे २८० किलो) ईएम लॉक, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा बॅटरी जोडता येणारा पॉवर सप्लाय, १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) सीलबंद बॅटरी, कंट्रोलर (कार्ड ओळखून दार सोडणारा भाग), रीडर (कार्ड वाचणारा भाग), आतलं एक्झिट बटण, आणीबाणीचं हिरवं बटण आणि चांगला डोअर क्लोजर. लॉक साधारण अर्धा अँपिअर ओढतं, कंट्रोलर आणि रीडर मिळून आणखी ०.२. कागदावर बॅटरी दहा तास पुरते. सात-आठ धरून चाला.

पैसे वाचवायला कीपॅड, रीडर आणि रिले (लॉकची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) एकाच डब्यात असलेलं यंत्र बाहेरच्या भिंतीवर लावलं जातं. हे करू नका. एक-दोन स्क्रू काढले की एक्झिट बटणाच्या वायरी मागे हाताला लागतात. त्या एकमेकींना टेकवल्या की दार उघडतं, कार्ड लागतच नाही. कंट्रोलर आतल्या बाजूला, उंचावर, बंद डब्यात ठेवा. बाहेर फक्त रीडर. त्याच्या चार मुख्य वायरी असतात: लाल-काळी विजेची, कार्डाचा नंबर पाठवणाऱ्या हिरवी डी-झिरो आणि पांढरी डी-वन. शेवटच्या दोन उलट लागल्या तर रीडर बीप देतो, पण कंट्रोलर ते कार्ड ओळखत नाही.

लॉक चौकटीवर आतल्या बाजूने येतं, लोखंडी पट्टी दारावर. टफन्ड काचेला जागेवर भोक पाडायला जाऊ नका, सगळी काच चुरा होते. बिनचौकटीच्या काचेसाठी यू-ब्रॅकेट मिळतो. सगळ्यात जास्त चुका पट्टीत होतात. मधल्या बोल्टखाली रबरी वॉशर असतो आणि पट्टी बोटाने हलवली की किंचित डुलली पाहिजे. बोल्ट करकचून आवळला की पट्टी लॉकच्या तोंडाशी सपाट बसत नाही, कडेवरच टेकते, आणि २८० किलोचं लॉक खांद्याच्या एका धक्क्याने सुटतं.

आता वायरिंग. सप्लायचा प्लस रिलेच्या कॉमनला (सामाईक टोकाला) द्या, एनसीमधून (एरवी जोडलेल्या टोकातून) निघालेली वायर हिरव्या बटणातून पुढे लॉकच्या प्लसला. मायनस थेट. हिरवं बटण कंट्रोलरला जोडून भागत नाही; कंट्रोलर अडकला तरी बटणाने लॉकची वीज स्वतः तोडली पाहिजे. इमारतीत फायर अलार्म पॅनेल असेल तर त्याचा रिलेही याच वायरीत घ्या. लॉकच्या टर्मिनलवर वन-एन-४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, त्याच्यावरचा पट्टा प्लसच्या बाजूला. नाहीतर प्रत्येक वेळी वीज तुटताना उसळणारा दाब रिलेचे संपर्क जाळतो.

लॉकसाठी १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा. उरलेल्या नेटवर्क केबलची एक जोडी वापरली तर वीस मीटरवर दीड व्होल्टच्या आसपास घट येते. १ चौरस मिलिमीटरमध्ये अर्ध्या व्होल्टहून कमी. मेन्स (बाहेरून येणारी वीज) असताना सप्लाय साडेतेरा व्होल्ट देतो, त्यामुळे ही घट लपून जाते. वीज गेली, बॅटरी बाराच्या खाली आली, की लॉक ढिलं पडतं. म्हणून व्होल्टेज सप्लायवर नाही, लॉकच्या टर्मिनलवर, लॉक चालू असताना मोजा. तिथलाच १२/२४ व्होल्टचा जंपरही (व्होल्टेज निवडायची छोटी पिन) बघा. चुकून २४ वर असेल तर पकड येत नाही.

कार्ड नोंदवण्याआधी कारखान्याचा मास्टर कोड बदला. १२३४५६ किंवा ९९९९९९ हे कोड सगळ्यांना ठाऊक असतात. १२५ किलोहर्ट्झची कार्डं चाव्या करणाऱ्याकडेही कॉपी होतात, म्हणून १३.५६ मेगाहर्ट्झची एन्क्रिप्टेड कार्डं आणि ती तशीच वाचणारा रीडर घ्या. नुसता कार्डाचा नंबर वाचणाऱ्या रीडरने काही साधत नाही. प्रत्येक कार्ड देताना फ्लॅट क्रमांक, युजर नंबर आणि कार्डावर छापलेला क्रमांक वहीत लिहा. साध्या कंट्रोलरमध्ये हरवलेलं कार्ड या नंबरांशिवाय काढता येत नाही. मग सगळी यादी पुसून शंभर घरांची कार्डं पुन्हा नोंदवावी लागतात. दार उघडं राहायची वेळ ५ सेकंद पुरे; वयस्कर माणसं जास्त असतील तर ८.

दार एरवी उघडं आणि कार्ड लावल्यावर पाच सेकंद बंद होत असेल, तर वायर एनसीऐवजी एनओला (एरवी तुटलेल्या टोकाला) लागली आहे. कार्ड अगदी टेकवल्याशिवाय वाचलं जात नसेल, तर रीडर लोखंडी पत्र्यावर बसलाय. मागे सेंटिमीटरभर प्लास्टिकचा ठोकळा द्या. जूनमध्ये अचानक बिघडलं तर आधी दार बघा. लाकूड फुगतं, दार पूर्ण मिटत नाही, आणि पट्टी-लॉकमध्ये दोन मिलिमीटरची फट राहिली तरी पकड जाते. कोकणात, समुद्राजवळ पट्टीवर गंजाचा थर चढतो. कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रेचा अगदी पातळ हात द्या. ग्रीस नको, त्यावर धूळ बसते.

महिन्यातून एकदा हिरवं बटण दाबून दार सुटतं का पाहा. मग मेन्स बंद करून बॅटरीवर दोन तास ठेवा. त्याआधी लॉक सुटलं तर बॅटरी बदला.