कॅल्प्रोटेक्टिनसाठी घरून नमुना देताना या चुका टाळा

आतड्यांना सूज आहे की नाही, याचा अंदाज देणारी कॅल्प्रोटेक्टिनची चाचणी आता लहान शहरांतले डॉक्टरही लिहून देऊ लागले आहेत. तिच्यासाठी मलाचा नमुना रुग्णाला घरीच घ्यावा लागतो. असे नमुने स्वीकारणे आणि तपासणे हे माझे रोजचे काम आहे. यंत्राने दगा दिला म्हणून अहवाल चुकला, असे क्वचितच होते. शौचालयातून आमच्या टेबलापर्यंत येईस्तोवर नमुना बिघडला, असे मात्र सतत घडते, आणि चुकाही ठरलेल्याच असतात.

आधी थोडक्यात पाहू की मोजतो काय. कॅल्प्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधले प्रथिन आहे. आतड्याच्या अस्तराला सूज आली की या पेशी तिथे जमतात, आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि हे प्रथिन मलाबरोबर बाहेर पडते. एक ग्रॅम मलात ते किती मायक्रोग्रॅम आहे, तो आकडा अहवालात येतो. प्रौढ माणसात तो ५० च्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता कमी असते. २५० च्या वर गेला तर डॉक्टर पुढच्या तपासण्यांचा विचार करतात. मधल्या पट्ट्यातल्या आकड्यावरून एकदम काही ठरवता येत नाही. पोटाच्या ज्या तक्रारी आतड्याच्या कामातल्या बिघाडामुळे, म्हणजे आयबीएसमुळे होतात, त्या क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या, आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारांपासून वेगळ्या काढायला ही चाचणी उपयोगी पडते. ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये तिची शिफारस केली ती याच कामासाठी, आणि तीही जिथे कर्करोगाची शंका नाही अशा प्रौढांसाठी.

आता चुका. पहिली चूक घडते ती नमुना घेण्याच्या कितीतरी आधी, औषधाच्या दुकानात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या आतड्याच्या अस्तराला इजा करतात आणि त्यांच्यामुळे कॅल्प्रोटेक्टिन वाढू शकते. म्हणून नमुना स्वीकारताना मी प्रत्येकाला विचारतो की दुखण्यावर काही घेता का. उत्तर बहुतेक वेळा एकच असते: काही नाही, अधूनमधून साधी पॅरासिटामॉल.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका असेच उत्तर देऊन गेले होते. त्यांचा आकडा साडेतीनशेच्या वर आला आणि घरात रडारड सुरू झाली. मुलाने रात्री मोबाइलवर वाचून वडिलांना कर्करोग झाल्याचे जवळजवळ ठरवूनच टाकले होते. दुसऱ्या दिवशी सगळे कुटुंब काउंटरवर हजर झाले. मी पुन्हा गोळ्यांचे विचारले. काका चिडून म्हणाले, "अहो, किती वेळा सांगू, गुडघ्यासाठी फक्त पॅरासिटामॉल घेतो." तेवढ्यात काकूंनी पर्समधून अर्धी संपलेली पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. चंदेरी पाठीवर बारीक अक्षरांत लिहिले होते: ॲसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. काका त्या पट्टीतल्या गोळ्या दिवसाला दोन या हिशेबाने महिनोन्‌महिने घेत होते, आणि चिठ्ठी कोणीच मागितली नव्हती. पट्टी घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि काही आठवड्यांनी पुन्हा नमुना मागवला. या वेळी आकडा ५० च्या आत होता.

तेव्हापासून तोंडी उत्तर मी प्रमाण मानत नाही, पट्टीच आणायला सांगतो. तुम्हीही नमुना देण्याआधी घरातल्या सगळ्या पट्ट्या उलट्या करून वाचा आणि ती नावे डॉक्टरांना सांगा. साधारणतः दोन आठवडे अशा गोळ्या टाळायला सांगितले जाते, पण हा निर्णय डॉक्टरांचा असतो. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनची गोळी तर कोणत्याही चाचणीसाठी आपल्या मनाने बंद करू नये. ॲसिडिटीच्या गोळ्याही आकडा वर नेऊ शकतात, त्यामुळे त्यांचेही नाव डॉक्टरांना सांगा.

दुसरी चूक माझ्या खास रागाची आहे: जास्त नमुना दिला की अहवाल जास्त अचूक येतो, हा समज. घरी वापरायच्या संचात द्रवाने भरलेली एक नळी असते आणि तिच्या झाकणाला टोकाशी खाचा पाडलेली काडी असते. त्या खाचांमध्ये नेमका ठरलेल्या वजनाचा, म्हणजे अवघा काही मिलिग्रॅम, मल मावतो. आकडा दर ग्रॅममागे काढायचा असल्याने सगळे गणित त्या ठरलेल्या वजनावर उभे असते. नळीच्या तोंडाशी अरुंद गळा असतो. काडी आत जाताना बाहेरचा जादा मल तिथे खरवडला जावा, एवढ्यासाठीच तो असतो. उत्साही माणूस करतो काय, तर तो गळा उपसून काढतो आणि चमच्याने मल नळीत भरतो. असा नमुना आला की द्रव घट्ट चिखलासारखा झालेला असतो आणि तो फेकून देण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. चाचणीच्या पट्टीवर रेघ उमटवणाऱ्या आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचायच्या संचात तर असा जादा मल जास्त धोक्याचा. प्रथिन मर्यादेबाहेर वाढले की रेघ गडद होण्याऐवजी फिकी पडू शकते, आणि आजारी माणसाला सगळे ठीक असल्याचे वाटते.

माझी रीत अशी: काडी मलात तीन-चार वेगवेगळ्या जागी खुपसावी, खाचा भरल्या आहेत का ते उजेडात पाहावे, एकदाच नळीत घालावी आणि झाकण घट्ट लावून नळी जोराने हलवावी. शेम किंवा रक्ताची रेघ दिसली म्हणून मुद्दाम फक्त तेवढाच भाग उचलू नये. मल पाण्यासारखा पातळ असेल तर तो खाचांत टिकत नाही. अशा वेळी काडीशी झटापट न करता साध्या डबीत नमुना द्यावा आणि तसे कळवावे, म्हणजे आम्ही तो मोजून घेतो. हे सगळे सूचनापत्रात चित्रांसह छापलेले असते. पण सूचनापत्र आधी वाचायची दोन मिनिटे लोकांकडे नसतात, पुन्हा नमुना द्यायला अर्धा दिवस मात्र असतो.

मल भांड्यातल्या पाण्यात पडू देऊ नये. त्यात लघवी किंवा शौचालय धुण्याचे रसायनही मिसळू नये. कमोड असेल तर बैठकीखाली प्लास्टिकचा कागद ताणून चिकटवावा, भारतीय पद्धतीचे भांडे असेल तर कागदी ताटली ठेवावी. लघवी आधी उरकून घ्यावी आणि जेट किंवा तांब्या नमुना घेतल्यावरच हाती घ्यावा.

औषधाची जुनी बाटली धुऊन आणू नये. काडेपेटीत नमुना आणण्याचा जमाना गेला आहे, तरी काही घरांतून ती अजून येते.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा असावा, कारण एकाच दिवसातल्या दोन नमुन्यांतही आकडा बराच हलतो, विशेषतः कोलायटिसच्या रुग्णांत. दर वेळी वेळ तीच ठेवली की तुलनेला काही अर्थ उरतो.

उन्हाळ्यात नमुना स्कूटरच्या डिकीत ठेवून कामाला जाणारे लोक मी पाहिले आहेत. हे प्रथिन चिवट आहे, साध्या तापमानाला दोन-तीन दिवस बऱ्यापैकी टिकते. पण ते तापमान म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातली डिकी नव्हे. त्यातून गावाकडचे नमुने पुढे पुण्या-मुंबईला जातात, तो वेळही हिशेबात धरावा लागतो. नमुना शुक्रवारी संध्याकाळी घेऊन सोमवारी आणण्यापेक्षा सोमवारीच घ्यावा. थोडा वेळ घरी ठेवायचाच असेल, तर बंद डबी दोन पिशव्यांत गुंडाळून, वेगळ्या झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. घरात ते चालत नसेल तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी घालून काम भागते.

मूळव्याधीतून रक्त पडत असताना किंवा पाळीच्या दिवसांत नमुना घेऊ नये. जुलाब-उलट्यांची साथ लागली असेल तर बरे होऊन काही आठवडे जाऊ द्यावेत, कारण साध्या संसर्गानेही आकडा शेकड्यांत जाऊ शकतो. चार वर्षांखालच्या मुलांत तो मुळातच जास्त असतो, प्रौढांची मर्यादा त्यांना लावू नये.

स्टूल रूटीनमध्ये, म्हणजे मलाच्या नेहमीच्या तपासणीत, पस सेल्स (पुवाच्या पेशी) दिसल्या नाहीत, म्हणून सूज नाही असे समजू नये. त्या आणि या चाचणीत फार अंतर आहे.

एकदा एका संचावर आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच प्रयोगशाळेत तपासून आकडा वाढला की घटला, याचा हिशेब मांडणे व्यर्थ आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आजार आटोक्यात आहे का हे पाहायचे असेल, तर प्रयोगशाळा आणि पद्धत तीच ठेवावी.

वाढलेला आकडा आजाराचे नाव सांगत नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही. त्यात आणि क्रोनमध्ये कॅल्प्रोटेक्टिन दोन्हीकडे वाढते, आणि दोघांचे उपचार अगदी निराळे आहेत, म्हणून दुर्बिणीची तपासणी आणि बायॉप्सी लागते. याच्या उलट, आकडा ५० च्या आत आला म्हणून कोलायटिसची चालू औषधे परस्पर सोडणारे रुग्णही भेटतात. बऱ्याचदा तो आकडा त्या औषधांमुळेच खाली आलेला असतो. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, ताप येत असेल किंवा रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागत असेल, तर घरच्या संचाचा आकडा काहीही येवो, पोटाच्या तज्ज्ञाची वेळ त्याच आठवड्यात घ्यावी.