चोर्ला उतरणाऱ्या पिकअपची निगा

बेळगावजवळच्या आमच्या कडोलीतून कोबी-फ्लॉवर भरून रात्री साडेबाराला निघालं की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, डिचोली करत पहाटे म्हापशाचं मार्केट गाठायचं. 2014 सालची पिकअप, केए-22 पासिंग, आणि मी. परवा भाच्यानं जुनी गाडी घेतली आणि विचारलं, "मामा, सर्व्हिसिंग सोडून रोज काय बघायचं असतंय ओ?" त्याला सांगायला बसलो तेव्हा कळलं, यातलं निम्मं मी नुकसान करून घेऊनच शिकलोय. आमच्या गावात मराठी साहित्य संमेलन भरतं, त्यामुळं लिहायची खोड कडोलीकरांना असतेच. म्हणून हे लिहून ठेवतोय.

बघायचं ते माल भरायच्या आधी, इंजिन थंड असताना. हौदा भरला की कोण वाकून बघतंय? गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन ऑईलची दांडी काढून पुसा, परत घालून ऑईल बघा. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. काठोकाठ भरू नका, जास्त ऑईलही वाईटच. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, मग गाडी सुरूच करू नका. इंजिन गार ठेवणारं कुलंट बाजूच्या डब्यात बघायचं. रेडिएटरचं झाकण गरम गाडीत उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. नुसतं बोअरचं पाणी ओतत राहिलात तर आत क्षार आणि गंज बसतो, आणि एक दिवस चढाला तापमानाचा काटा वर जातो. पाणी वारंवार कमी होत असेल तर भरत बसण्यापेक्षा गळती शोधा. नळीचे क्लिप, वॉटर पंपाखालचा ओला डाग, सकाळी गाडीखाली पडलेला थेंब, सगळं बघा.

डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात मी दर आठवड्याला तो सैल करून बाटलीत थोडं डिझेल काढतो. खाली पाण्याचा थर दिसला की आपले पैसे वाचले समजायचं. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर आत हवा धरते. मग डिझेलचा हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा आणि मगच सेल्फ मारायचा. एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये थांबा. नाहीतर बॅटरीही जाते आणि सेल्फही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी आली तर आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवा, मग लाल. गरम पाण्यानं धुऊन, वाळवून व्हॅसलीन लावा. जोडताना उलट क्रम.

आता टायरच्या हवेचं सांगतो. जांबोटीच्या वाटेवर एक पंक्चरवाला आहे. गाडी लांबून बघूनच म्हणतो, "अण्णा, गाळी कडिमी ऐती." हवा कमी आहे. दहातल्या आठ वेळा त्याचं खरं निघतं. तरी नजरेवर राहू नका, गेज घ्या. दरवाजाच्या चौकटीवर किंवा पुस्तकात रिकाम्या आणि भरल्या गाडीची हवा वेगवेगळी लिहिलेली असते. मोजायची ती टायर थंड असताना. घाट उतरून टायर तापल्यावर हवा जास्त दिसते म्हणून काढू नका, गार झाल्यावर ती कमी पडते. टायर मध्येच झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी, एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट. खाचेत आडवी छोटी उंचवट्याची पट्टी असते. नक्षी त्या पट्टीला टेकली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरलं. कायदा तिथं थांबतो, खरं कणकुंबीच्या पावसात मी त्याच्या बऱ्याच आधी टायर बदलतो. चाक काढून लावलं की नट समोरासमोरचे घट्ट करायचे आणि 50-100 किलोमीटरनंतर परत एकदा पाना फिरवायचा.

आता ब्रेक. इथं मात्र मी तुमचा वेळ घेणार.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 या प्रतीचं नवं ऑईल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर हीच हमी 155 अंशांवर येते. चोर्ल्याच्या उतारावर भरल्या गाडीचे ब्रेक तापले की ती उष्णता ऑईलपर्यंत पोचते, आत वाफ होते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून रंग चांगला दिसला तरी दोन वर्षांत ऑईल बदला. डब्यातली पातळी हळूहळू खाली गेली तर नुसतं वरून भरू नका. पॅड झिजले की पातळी उतरते, नाहीतर कुठंतरी गळतंय. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर व्हील सिलिंडर गेलाय. ते ऑईल ब्रेकच्या लायनरवर पोचलं की ते चाक धरत नाही.

घाट चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरला उतरायचं. इंजिनला गाडी धरू द्या. ब्रेक दाबून ठेवू नका, दाबा आणि सोडा. न्यूट्रलला टाकून, इंजिन बंद करून डिझेल वाचवणारे शहाणे मी बघितलेत. इंजिन बंद पडलं की ब्रेकची व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टीअरिंगही जड. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि निवांत चहा घ्या. ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जातो. ओढ्यातून गाडी काढल्यावर सावकाश चालवत ब्रेक हलके दाबून लायनर वाळवा.

हे सगळं ठाऊक असूनही 2018 साली मी फसलो, ते पाट्यांमुळं, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांमुळं. माल भरला की गाडी मागं बसायची, म्हणून एका गॅरेजात मागच्या कमानीत दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे घालून घेतले. भरल्यावरसुद्धा गाडी अशी ताठ उभी की मार्केटात चौघांनी कौतुक केलं. तिसऱ्याच फेरीला चोर्ला उतरताना पुढच्या चाकांतून धूर. ब्रेक लागत होता, खरं सगळा भार पुढंच, नाक खाली दबलेलं. कशीबशी कडेला घेतली. कोबी दोन तास उशिरा पोचला आणि भाव पडला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी बेळगावातल्या उद्यमबागेकडचा एक म्हातारा मिस्त्री गाडीखाली झोपला आणि हसायलाच लागला. मागच्या ॲक्सलपासून चेसीवरच्या (गाडीच्या सांगाड्यावरच्या) एका व्हॉल्व्हला छोटी दांडी जोडलेली होती. बऱ्याच पिकअपना ती असते, खाली वाकून बघा. माल भरला की चेसी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत चेसी वर असते, तेव्हा मागं कमी दाब, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. मी जादा पाटे घालून चेसी वर उचलून ठेवली होती. मिस्त्री म्हणाला, "तुझ्या गाडीला वाटतंय, मागं माल न्हाईच." भरल्या गाडीत मागचे ब्रेक अर्धेच काम करत होते आणि पुढचे दोघांचं.

जादा पाटे काढले, दांडी कंपनीच्या मापावर बसवली. तेव्हापासून माझा नियम असा की गाडी बसत असेल तर आधी माल आरसीवर लिहिलेल्या वजनात आहे का ते बघायचं. मग तुटका किंवा मेलेला पाटा त्याच मापाचा बदलायचा. रचनेतले बदल आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाहीत, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, तेव्हा लपत नाही. पाटे बदलले की ते ॲक्सलला धरून ठेवणारे यू बोल्ट काही दिवसांनी परत आवळायचे. सैल यू बोल्टनं सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून येणारा सांगतो, आपल्याला कळत नाही.

दुसरा बदल दिव्यांचा. धुक्यासाठी जादा दिवे लावताना वायर सरळ बॅटरीवरून फ्यूज आणि रिले घालून घ्या. हेडलाईटच्या वायरीला चिमटून नको. फ्यूज उडतो म्हणून जागेवर तार गुंडाळणाऱ्याला मी गाडीला हात लावू देत नाही. सुगीत भाताच्या खळ्याजवळ गाडी लावत असाल तर बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडली का तेही बघा.

हौद्यावर खर्च करायचा असेल तर रबरी मॅट घाला, खरं पाणी जायची भोकं मोकळी ठेवून. गोव्याहून परत येताना मी कधी कधी मासळीचे खोके आणतो. त्या बर्फाचं खारं पाणी पत्र्याच्या सांध्यात बसलं की दोन पावसाळ्यांत फाळक्याचे बिजागर आणि चेसीच्या कडा फुगतात. घरी आल्याआल्या गोड्या पाण्यानं हौदा आणि खालचा भाग धुवा, मॅट उचलून वाळवा. तांबडा चिखलही पाट्यांत सुकू देऊ नका. धुतल्यावर ग्रीस. निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची, पाट्यांच्या टोकाच्या शॅकल पिन आणि मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) विसरायचे नाहीत. क्लच सोडताना "टक्" असा आवाज आला तर क्रॉस संपत आलाय.

गाडीत ठेवायचं: स्टेपनी हवा भरलेली, जॅक, जॅकखाली घालायला जाड फळी (घाटाकडच्या मातीत जॅक रुततो), दोन लाकडी ठोकळे, फॅन बेल्ट, फ्यूज, नळीचे क्लिप, पाच लिटर पाणी, हातातली बॅटरी (टॉर्च), लाल त्रिकोण. चाकाचे नट जॅक लावायच्या आधी सैल करायचे, आणि भरली गाडी उतारावर उचलायची नाही.

काल भाच्याच्या गाडीखाली वाकलो. ब्रेकच्या व्हॉल्व्हची ती दांडी आधीच्या मालकानं तारेनं ताणून बांधून टाकलेली. म्हणजे मागं कायम पूर्ण दाब, आणि रिकामी गाडी पावसात गरकन फिरायला मोकळी. मिस्त्रीला गुरुवारशिवाय वेळ नाही. तोवर भाचा घाटात जाणार नाही, किल्ली माझ्याकडं आहे.