पाइप गॅसचा कॉक आडवा की उभा?

पाइपने गॅस येणाऱ्या घरात साधारण दोन कॉक असतात: एक शेगडीजवळ, दुसरा मीटरपाशी. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर कॉक चालू, पाइपला काटकोनात असेल तर बंद. पाव फेरा पुरतो. शेगडीजवळचा कॉक रोज रात्री बंद करावा, गावाला जाताना मीटरचाही. पण मीटरचा कॉक कित्येकांच्या घरी नव्या ट्रॉल्यांमागे गडप झालेला असतो! सुताराला आधीच सांगा, तिथे हात पोचलाच पाहिजे.

वास आला तर दिव्याचं किंवा एक्झॉस्ट फॅनचं बटण चालूही करू नका आणि बंदही. आधी मीटरचा कॉक बंद, मग खिडक्या उघडा. हा गॅस हवेपेक्षा हलका, वर छताशी साचतो; सिलिंडरचा गॅस खाली बसतो. म्हणून वरची झडपंही उघडा. फोन घराबाहेर जाऊन करा.

पुरवठ्याचा दाब फार घटला तर काही रेग्युलेटर आपोआप बंद होतात. ते स्वतः खटपट करून चालू करू नका, कंपनीचा माणूस बोलवा. मधल्या वेळात शेगडीची सगळी बटणं बंद आहेत ना, तेवढं बघा.