दहावीचा इंग्रजीचा पेपर : या चुका टाळा

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आटोपली की सोलापुरात दहावीची मुले सराव प्रश्नपत्रिका घेऊन बसतात. इंग्रजीच्या लेखी परीक्षेतील ८० गुणांपैकी पुष्कळसे गुण विषय न समजल्यामुळे नव्हे, तर प्रश्नाने जे मागितले ते सोडून भलतेच लिहिल्यामुळे जातात.

वाक्यरूपांतरात हे सर्वाधिक घडते. ‘द बॉय वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक’ हे वाक्य ‘टू’ वापरून लिहायला सांगितले की ‘टू टायर्ड नॉट टू वॉक’ असे उत्तर हमखास सापडते. या रचनेत नकार मुळातच असल्यामुळे ‘नॉट’ काढून ‘द बॉय वॉज टू टायर्ड टू वॉक’ एवढेच लिहायचे असते. पहिल्या ‘टू’च्या स्पेलिंगमध्ये दोन ‘ओ’ येतात, तेही घाईत विसरले जाते. अप्रत्यक्ष कथनात प्रश्नार्थक वाक्याचा क्रम साध्या वाक्यासारखा करावा लागतो, म्हणून ‘शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्‌ड’ हे बरोबर आणि ‘व्हेअर डिड आय लिव्ह’ हे चूक.

क्वेश्चन टॅगची चूक तर आपल्या शहराच्या भाषांमधूनच येते. मराठीतील ‘ना’, तेलुगूतील ‘कदा’ किंवा कन्नडमधील ‘अल्वा’ कोणत्याही वाक्यामागे चालतो; त्या सवयीने मुले सरसकट ‘इजन्ट इट’ लिहितात. इंग्रजीत मात्र टॅग मूळ वाक्याच्या कर्त्यावर व सहायक क्रियापदावर ठरतो आणि वाक्य होकारार्थी असेल तर तो नकारार्थी होतो : ‘दे प्लेड वेल, डिडन्ट दे?’

कवितेच्या प्रश्नात यमकाची रचना स्पेलिंग पाहून ठरवू नये. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ यांची शेवटची तीन अक्षरे एकच असली तरी उच्चार जुळत नाही, तर ‘सन’ आणि ‘वन’ यांची स्पेलिंग वेगळी असूनही यमक नेमके जुळते. ओळी मनातल्या मनात का होईना, उच्चारून पाहाव्यात. अनुप्रासालाही हाच नियम लागू आहे. ‘लाइक’ दिसला की उपमा, हेही खरे नाही, कारण ‘आय लाइक मँगोज’मध्ये तो केवळ क्रियापद आहे. अलंकाराचे नुसते नाव लिहून न थांबता कशाची तुलना कशाशी केली आहे, हे एका वाक्यात सांगावे.

कवितेचे रसग्रहण पाठ करून लिहिण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही, कारण तेच साचेबंद कौतुक प्रत्येक कवितेला चिकटवले जाते आणि त्या कवितेतील एकही प्रतिमा उत्तरात येत नाही. उताऱ्यावरील प्रश्नांचेही असेच होते : मत विचारलेले असताना मुले उताऱ्यातील वाक्ये जशीच्या तशी उतरवतात. मताच्या उत्तरात स्वतःची भूमिका आणि तिचे एखादे कारण यायला हवे. ते साध्या, छोट्या वाक्यांत लिहिले तरी चालते.