नवोदयची तयारी: पाचवीतल्या मुलाच्या घरी काय काय झालेलं असावं

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच पालकसभेत मला हमखास विचारतात, "बाई, नवोदयला कुठलं पुस्तक घेऊ?" पुस्तक घ्यालच. पण त्याआधी घरातल्या मोठ्या माणसांची बरीच कामं असतात, आणि ती राहिली तर पोराने केलेला अभ्यास वाया जातो. नवोदय ही केंद्र सरकारची शाळा, आणि तिच्या सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. पाचवीत एकदा बसलं की पुन्हा संधी नाही. म्हणून हे वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि जे झालंय त्याच्यापुढे खूण करत चला.

सुरुवात मुलाच्या शाळांच्या दाखल्यांपासून करा. आपल्या पुणे जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात शिक्रापूरला आहे. तिथे प्रवेश हवा तर मुलाची पाचवी पुणे जिल्ह्यातल्याच मान्यताप्राप्त शाळेत चालू हवी आणि राहणंही याच जिल्ह्यातलं हवं. सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, आणि त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. आता ग्रामीण कोणाला म्हणायचं? ज्याची तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत गेली, त्याला. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत नाव असलं, तरी मूल शहरी धरतात.

पुण्याच्या आसपास इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. २०१७ साली ११ गावं महापालिकेत गेली, आणि ३० जून २०२१ ला आणखी २३ गेली. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, खडकवासला, किरकटवाडी ही त्यातलीच. तिथले पालक मनापासून म्हणतात, "बाई, आमचा सातबारा आहे, दारात म्हशी आहेत, आम्ही खेड्यातलेच." खरं आहे त्यांचं. पण शहरी भाग कोणता, हे २०११ च्या जनगणनेवरून किंवा त्यानंतरच्या सरकारी अधिसूचनेवरून ठरतं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची महापालिकेतून बाहेर पडली, तरी तिथे नगरपरिषद आली, म्हणून ती ग्रामीण झाली असं धरून चालू नका. शंका असेल तर शाळेत मुख्याध्यापकांना विचारा, ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत विचारा, आणि त्यानंतरच फॉर्मवर खूण करा.

हे मी इतकं ताणून का सांगते? माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना कंपनीत काम लागलं म्हणून तिसरीत चार महिने ती हडपसरच्या एका शाळेत होती. काम सुटलं, घर परत गावी आलं, आणि ते चार महिने सगळेच विसरले. मीसुद्धा. पोरीची निवड झाली, पेढे वाटून झाले, आणि कागदपत्रांच्या तपासणीत जुन्या दाखल्यावर ते चार महिने निघाले. जागा गेली. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून फॉर्म भरायच्या आधी मी प्रत्येकाचे तिसरीपासूनचे सगळे दाखले मागवते आणि स्वतः वाचते. तुम्हीही वाचा.

दाखले वाचून झाले की मुलाला विचारा. हे काम बहुतेक घरांत राहूनच जातं. नवोदय निवासी शाळा आहे. बारावीपर्यंत शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विद्यालय विकास निधी घेतात, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तोही माफ आहे. हे आपल्या दृष्टीने फार मोठं आहे, त्यात वादच नाही. पण दहा-अकरा वर्षांच्या लेकराने आईशेजारी न झोपता राहायचं आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं असतं का? एकदा शिक्रापूरला नेऊन शाळा बाहेरून तरी दाखवा. पुण्याहून नगर रोडने चाळीसेक किलोमीटर, फार लांब नाही. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे किंवा आत्याकडे चार दिवस एकट्याला ठेवा. स्वतःचे कपडे धुणं, केस विंचरून वेणी घालणं, ताटात पडेल ते खाणं, पोटात दुखलं तर मोठ्या माणसाला न लाजता सांगणं, हे सगळं वर्षभरात हळूहळू शिकवा. आणि मूल ठामपणे "नाही जायचं" म्हणालं, तर त्याचं ऐका. माझं हे म्हणणं काही सहकाऱ्यांना पटत नाही. ते म्हणतात, पोरं रुळतात. बरीचशी रुळतातही. पण मनाविरुद्ध पाठवलेलं लेकरू पंधरा दिवसांत परत आणलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याने रिकामी केलेली जागा दुसऱ्या कोणाची तरी होती.

फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. नेट कॅफेवाला घेईल ते त्याच्या कामाचे. ठरावीक नमुन्यातलं मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र, मुलाचा फोटो, मुलाची सही, पालकांची सही आणि आधार किंवा रहिवासाचा पुरावा जवळ ठेवा. मुलाचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दप्तरात, आधारवर आणि जन्मदाखल्यावर अक्षराअक्षराने सारखी आहे का बघा. नसेल तर दुरुस्ती मे महिन्यातच सुरू करा, फॉर्म निघाल्यावर धावपळ नको. इतर मागास वर्गातून भरणार असाल तर केंद्राच्या यादीप्रमाणे आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो; राज्याच्या दाखल्यावर काम भागत नाही. सेतू केंद्रात गर्दी व्हायच्या आधी अर्ज टाका. आणखी एक, परीक्षेचं माध्यम. शाळा मराठी असेल तर माध्यम मराठीच निवडा. घाईत इंग्रजीवर खूण झाली की पोराच्या हातात इंग्रजी पेपर येतो. भरलेला फॉर्म छापून आणा आणि घरी कोणीतरी मोठ्याने वाचा.

आता अभ्यास. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण, प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. निम्मा पेपर, म्हणजे ४० प्रश्न आणि ५० गुण, मानसिक क्षमतेचा असतो, आणि तो पूर्ण आकृत्यांचा. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्तेत शब्द आणि आकडे येतात, इथे एकही शब्द नाही. वेगळी आकृती, सारखी आकृती, मालिका, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून पाडलेली छिद्रं, लपलेली आकृती असे दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न. हे पुस्तकातून पाठ होत नाही, हाताने करावं लागतं. जुन्या वर्तमानपत्राची घडी घाला, कात्रीने भोक पाडा, उलगडायच्या आधी मुलाला विचारा भोकं कुठे दिसतील. भिंतीवरचं घड्याळ आरशात दाखवा. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज.

गणिताचे २० प्रश्न, २५ गुण. अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, परिमिती-क्षेत्रफळ पक्कं असलं की बरंचसं हाती येतं. पाढे तीसपर्यंत हवेतच.

भाषेकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, पुन्हा २५ गुण. पालक म्हणतात, मराठी तर येतंच की! येतं, पण आमच्याकडची पोरं घरी जी मराठी बोलतात आणि उताऱ्यात जी छापलेली असते, त्यांत अंतर असतं. बोली सोडायची मुळीच गरज नाही, तिचा मला अभिमान आहे. फक्त रोज संध्याकाळी एक उतारा मनातल्या मनात वाचायला लावा आणि वाचून झाल्यावर विचारा, "काय झालं सांग?" ओठ न हलवता वाचता यायला दोन-तीन महिने लागतात.

गणपतीपासून मुलाच्या हातातली पेन्सिल काढून निळा किंवा काळा बॉलपेन द्या. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण पाचवीपर्यंत पोरांनी खोडरबराच्या भरवशावर लिहिलेलं असतं, आणि उत्तरपत्रिकेवर एकदा गोल भरला की बदलता येत नाही. गोलांच्या कोऱ्या पत्रिकांच्या झेरॉक्स काढून आणा आणि प्रत्येक सराव पेपर त्यावरच सोडवून घ्या. एक प्रश्न सोडवला की लगेच त्याचा गोल. "सगळे सोडवते आणि शेवटी गोल भरते" असं ठरवलेल्या हुशार मुलीचे अकरा गोल रिकामे राहिलेले मी पाहिले आहेत.

सोबत साताऱ्याच्या सैनिक शाळेचाही विचार असेल, तर ती परीक्षा वेगळी. १९६१ मध्ये सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. २०२१-२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. सहावीला १२५ प्रश्न, ३०० गुण, अडीच तास, आणि त्यातले १५० गुण एकट्या गणिताचे. सामान्यज्ञान असतं, पुढे वैद्यकीय तपासणीही होते, म्हणून डोळे आधीच तपासून घ्या. सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनी प्रशालेची निवड पाचवीच्या प्रवेशासाठी होते, म्हणजे तो विचार चौथीतच करायला हवा. तीनही परीक्षांचं ओझं एका लेकरावर टाकू नका.

परीक्षेची तारीख वर्षावर्षाला हलते. २०२५ मध्ये ती १८ जानेवारीला होती, आणि पुढच्या प्रवेशाची १३ डिसेंबरलाच झाली. संकेतस्थळ स्वतः बघत राहा, व्हॉट्सॲपवर विसंबू नका. प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढा. आदल्या दिवशी केंद्र बघून या. पेपर साडेअकराचा असतो, म्हणजे सकाळी पोहे किंवा वरणभात, जे पोटाला सवयीचं आहे तेच. प्रश्नपुस्तिकेवर मराठी लिहिलंय का ते बघून मगच सुरुवात कर, आणि नसेल तर हात वर करून सांग, हे मुलाला दोनदा सांगा. पेपर सुटल्यावर उत्तरं ताडून बघू नका. भूक लागलेली असते, आधी जेवायला घाला.

निकाल लागेपर्यंत ग्रामीण भागाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, जन्मदाखला एका पिशवीत तयार ठेवा. यादीत नाव नसलं तर त्या रात्री मुलाजवळ कोणीतरी झोपा. आणि एका वहीत लिहून ठेवा, की आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी नवोदयची वेगळी निवड परीक्षा असते, तिला बसता येतं.